मिरवा खुशाल, पण डब्यात टाकून

अहो वहिनी, ऐकलं का? आपल्या ले-आऊटमध्ये गाड्यांचं प्रदर्शन भरून राहिलं! साड्यांचं नाही हो, गाड्यांचं. तुम्हाला बरोब्बर साड्याच ऐकू येतात. काल रात्री पोट्ट्यांची मीटिंग झाली नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या मैदानावर. आमच्या ह्यांच्यासोबत मीही गेली होती, म्हणून सगळं आतलं कळलं.

जानेवारीतला रविवार धरला आहे. पोट्टे डिसेंबर म्हणत होते, पण डिसेंबरात आपलं हिवाळी अधिवेशन. निम्मे पोलीस मोर्च्यांच्या मागे, निम्मे रस्ते बंद, परवानगी द्यायला कोण मोकळं बसलं आहे? आणि होळीनंतर तर नावच नको. नागपूरच्या उन्हात बॉनेटवर पापड भाजून निघतील, माणसं काय उभी राहतात बाप्पा!

नाही, नुसता शौक नाही. पैसे जमवायचे आहेत. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, गडचिरोली, गोंदिया, तिकडे बालाघाट-छिंदवाड्याकडून पेशंट येतात ना, पेशंटला खाट मिळते. पण सोबतची माणसं कुठे झोपतात, काय खातात, ते तुम्ही जाऊबाईंच्या वेळेला पाहिलंच आहे. अशा माणसांच्या जेवणाची अन् रात्रीच्या आसऱ्याची सोय करणारी एक संस्था आहे, तिला द्यायचे म्हणतात. काम चांगलं आहे, त्यात वादच नाही. वाद दुसराच झाला.

कोपऱ्यावरचे लाल गाडीवाले हो! त्यांचं म्हणणं, आमची गाडी पहिल्या रांगेत, गेटसमोर. काऊन? तर म्हणे तिला छतावर काच आहे आणि ती बोललेलं ऐकते. मी ह्यांना म्हटलं, गाडी ऐकत असेल, मालक कुठे ऐकतो? गणपतीच्या वर्गणीला एक्कावन्न रुपये काढताना त्या माणसाने पावतीपुस्तक दोनदा उलटंपालटं करून पाहिलं होतं. आणि आता पहिली रांग पाहिजे! मागच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले, मग माझी इलेक्ट्रिक का मागे? त्यावर बँकवाले म्हणाले, माझी लहान असली तरी तिचं कर्ज फिटलेलं आहे. अर्धा तास हेच चाललं. कोणाची गाडी कुठे, ह्यावर सगळे बोलले. मदतीचा डबा कुठे ठेवायचा, ह्यावर एकही नाही.

आता मला सांगा, हे नवीन आहे का आपल्याला? आपला तान्हा पोळा काय असतो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे-पोट्ट्या लाकडी नंदी घेऊन मैदानात रांगेने उभे राहतात. कोणाचा नंदी वीतभर, कोणाचा चाकांवर ओढायचा, कोणाचा इतका मोठा की बापालाच ढकलावा लागतो. झूल, घुंगरं, शिंगांना बेगड. परीक्षक वहीत लिहीत फिरतात, आणि आया मागून पोरांच्या टोप्या सरळ करतात. भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये लेकरांसाठी हा सण सुरू केला असं महाल भागातली जुनी माणसं सांगतात. म्हणजे आपलं काही आपल्या दारात आणून, सजवून, चार लोकांना दाखवायचं, ही हौस ह्या गावाला दोनशे वर्षांपासूनची. आता नंदीला इंजिन लागलं, एवढाच फरक.

पण एक गोष्ट उलटी आहे, आणि मी ह्यांना तेच सांगितलं. पोळ्याला बैलवाला दारोदार जातो आणि घरचे त्याला बोजारा, म्हणजे मानाचे पैसे देतात. का? कारण बैल वर्षभर राबला आहे, त्याचा तो मान आहे. ही लाल गाडी वर्षभर काय राबली? दूध आणायला दोनशे पावलं गेली आणि आपल्या गेटसमोर उभी राहिली. इथे बोजारा गाडीवाल्याने द्यायचा. मिरवा ना, खुशाल मिरवा, कोण नाही म्हणतं! पण मिरवायची पावती फाडा. पाहायला येणारा फुकट येऊ द्या. आपल्या कामवालीची पोरं, चौकातला पंक्चरवाला, वाचनालयातले म्हातारे, त्यांच्याकडून तिकीट कशाला घ्यायचं? तिकीट ठेवलं की ते फाटकातूनच परत जातील आणि आत लाल गाडीवाले एकमेकांचीच गाडी पाहत बसतील.

पोट्ट्यांचा बेत होता वीस रुपये तिकीट आणि गाड्यांना प्रवेश मोफत. बरोब्बर उलटं! भैताडांनो, म्हटलं, ज्याच्याजवळ वीस लाखांची गाडी आहे त्याला फुकट, आणि ज्याच्याजवळ सायकल आहे त्याच्याकडून वीस रुपये?

माझी भाची अमेरिकेत असते ना, तिला फोन लावला. तिकडे म्हणे उन्हाळ्यात गावोगावी असे मेळे भरतात. चर्चच्या मैदानावर, अग्निशामक दलाच्या अंगणात, शाळेच्या पार्किंगमध्ये. गाडी लावणारा नोंदणीचे पैसे भरतो, बघणारा मोकळा फिरतो. आणि त्यांची एक युक्ती मला फार आवडली. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक गाडीपुढे एक बरणी ठेवतात. तुम्हाला जी गाडी आवडली तिच्या बरणीत पैसे टाका, एक डॉलर म्हणजे एक मत. ज्याच्या बरणीत जास्त, तो लोकांच्या पसंतीचा पहिला. म्हणजे निवडणूकही झाली आणि गल्लाही भरला! आता विचार करा वहिनी, डॉक्टरांच्या बरणीत शंभर पडले हे लाल गाडीवाल्यांना कळलं, तर ते संध्याकाळपर्यंत स्वतःच्या बरणीत पाचशे टाकतील की नाही? टाकू द्या! मेडिकलमध्ये जेवणाऱ्याला काय घेणं, पाचशे हौसेचे आले की ईर्ष्येचे?

हो, पण नुसत्या त्या दिवसाच्या डब्यावर विसंबायचं नाही. मोटारसायकलवाल्यांची एक मोठी फेरी असते जगभर, सुटाबुटात निघते. सिडनीच्या मार्क हावा नावाच्या माणसाने २०१२ मध्ये सुरू केली. टाय, कोट, पॉलिश केलेले बूट आणि खाली जुन्या घाटाची मोटारसायकल. पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा कर्करोग आणि पुरुषांचं मनाचं आजारपण, ह्या दोन गोष्टींसाठी पैसे गोळा करतात. आपल्या देशातही निघते. त्यात मेख अशी, की प्रत्येक जण आधीच आपल्या ओळखीपाळखीच्यांना गाठतो, मी निघतो आहे, माझ्या नावाने काहीतरी द्या म्हणून. फेरी निघायच्या आधीच पैसे जमायला लागतात. आपल्याकडेही तेच करायचं. गाडी लावणाऱ्याने आधी दहा घरी जाऊन यायचं. गाडी दाखवायची हौस आहे ना, मग पाय झिजवायचीही असू द्या.

आणि चमकदार गाडी पाहायलाच गर्दी होते, हाही ह्या लोकांचा भ्रम आहे. लंडनहून ब्रायटनला दर नोव्हेंबरात गाड्या निघतात, त्यात १९०५ च्या आधीच्याच चालतात. पहिली फेरी निघाली १४ नोव्हेंबर १८९६ ला. इंग्लंडात तेव्हा नवा कायदा झाला आणि मोटारीला ताशी चौदा मैलांनी पळायची मुभा मिळाली, त्याच्या आनंदात. चौदा मैल! आपला सायकलवाला पेपरवाला त्याहून जोरात जातो. तर अजून लोक थंडीत उठून रस्त्याच्या कडेला उभे राहतात, धूर काढत, धापा टाकत जाणाऱ्या गाड्या पाहायला. वाटेत एखादी बंद पडली तर ढकलायला धावतात. न चुकता चालणाऱ्या गाडीला कोण ढकलायला जातं?

म्हणून मी म्हटलं, पहिल्या रांगेत आपल्या ले-आऊटमधल्या काकाजींची जुनी फियाट लावा. तुम्ही कधी आत बसून पाहिली का? मी बसली आहे, त्यांच्या नातीच्या बारशाला. समोर एकच लांब सीट, तिघं आरामात. गिअर खाली नाही, स्टीअरिंगच्याच दांड्याला. काकाजी आधी चोकचं बटण ओढतात, कानाने इंजिनचा अंदाज घेतात, मग हळूच बटण आत ढकलतात. नव्या पोरांना ते दाखवलं तर तोंडाचा आ होतो. दार लावताना आपटायचं नाही, असा काकाजींचा कडक नियम, आणि तरी ते ‘खट्’ असं वाजतं की तिजोरी बंद झाली वाटावं. डॅशबोर्डवर काकींनी लावलेला गणपती आहे, त्याच्या पायाशी लाल कापडाची घडी. धूळ पुसायची ती वेगळी, काच पुसायची ती वेगळी. चुकून बदलली तर काकाजी दिवसभर बोलत नाहीत.

ही फियाट म्हणजे मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. प्रीमिअर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली. पुढे सत्तरच्या दशकात हीच गाडी पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाने पाहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. काकाजींची मात्र चालू! १९७१ ची आहे, एमएच-३१ यायच्या आधीचा नंबर. त्या वेळी आख्खी गाडी वीस हजारांच्या आत यायची, पण नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.

आणि आता गंमत पाहा. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी म्हणजे विंटेज, असा नियम २०२१ च्या जुलैत आला. आला कोणाच्या खात्यातून? आपल्याच नागपूरच्या गडकरींच्या! नव्याने नोंदणी करायची तर फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढे परत ५,०००. नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. आधीचा नंबर असला तर तोच राखता येतो. पण अट अशी, की ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यालाच. ह्यांनी हे वाचून दाखवलं तर काकाजी म्हणाले, म्हणजे शनिवारी मारुतीला गाडीने जायचं असलं तर मारुतीच्या देवळात प्रदर्शन भरवावं लागेल का? त्यांनी काही ती नोंदणी केली नाही. फी ऐकून म्हणे, एवढ्यात तर मी गाडीच घेतली होती, वर पैसे उरले होते.

अजून एक सुचवलं मी. तुम्ही हसाल. मुंबईत अंधांची मोटार रॅली होते, ऐकलं आहे का? गाडी डोळस माणूस चालवतो, पण रस्ता त्याला ठाऊक नसतो. शेजारी अंध माणूस बसतो, त्याच्या मांडीवर ब्रेलमधला कागद. तो बोटांनी वाचून सांगतो, आता डावीकडे, आता अमक्या वेगाने, आता पुलानंतर उजवीकडे. आणि जोरात पळवणारा जिंकत नाही. नेमून दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचलं तरी गुण जातात, उशिरा पोहोचलं तरी जातात. म्हणजे पूर्ण भरवसा शेजारच्यावर! आपल्या गावातही अंध विद्यालय आहे, पोरं हुशार आहेत, विचारून पाहायला काय हरकत आहे? सकाळी प्रदर्शनाच्या आधी पाच-सहा किलोमीटरचा लहानसा फेरा, अंबाझरीकडून फुटाळ्यापर्यंत. पण त्यांना बोलवायचं ते रस्ता सांगायला, स्टेजवर बसवून फोटो काढायला नाही, हे आधी ठरवून घ्या म्हटलं. ह्यांना एकदम पटलं. लाल गाडीवाले मात्र गप्प झाले. त्यांना कोणी शेजारी बसून डावी-उजवी सांगितलेली चालत नाही, हे त्यांच्या बायकोने मला मागेच सांगितलं होतं. तुमच्या-माझ्यात ठेवा हं.

नाही हो, मी गाड्यांच्या विरुद्ध नाही. शौक काही वाईट नसतो. आपले बाबा आमटे! हिंगणघाटचा जन्म, १९१४ चा. जमीनदाराचं घर, वकिलीचं शिक्षण. तरुणपणी त्यांच्याकडे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार होती, आणि तिच्या गाद्यांवर बिबट्याचं कातडं! कोपऱ्यावरच्यांना हे सांगा, म्हणावं तुमच्या काचेच्या छताचं काय घेऊन बसले? इंग्रजी सिनेमांची परीक्षणं लिहायचे, थेट हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार. आणि त्याच माणसाने पुढे वरोऱ्याला आनंदवन उभं केलं. १९५१ मध्ये सुरुवात केली तेव्हा जवळ काय होतं? सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. नागपूरपासून काही लांब नाही, शंभर किलोमीटरच्या आसपास. आपण किती वेळा तिथल्या सतरंज्या आणल्या! म्हणून मी कोणाला शौकावरून टोकत नाही. गाडी असलेला माणूस कामाचा नसतो असं थोडंच आहे? फक्त त्याला सांगावं लागतं की गाडीतून उतर.

आता खरी गोष्ट, पैशांची. इथे आमचे हे उठून उभे राहिले. महालेखापालांच्या एजी ऑफिसात आयुष्य गेलं त्यांचं, हिशेब म्हटला की पाठ ताठ होते. म्हणाले, वर्गणी मागायला निघायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडचं काम करा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा आहे, त्याचं कलम ४१ क. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून धर्मादाय पैसे गोळा करायचे तर परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच. पोट्टे म्हणाले, काका, एवढं कोण पाहतं? हे म्हणाले, कोणी पाहत नाही तोपर्यंतच कोणी पाहत नाही.

त्याहून सोपं म्हणजे पैसा आपल्या हातात येऊच द्यायचा नाही. संस्थेचंच पावतीपुस्तक, संस्थेचंच खातं, संस्थेचाच क्यूआर कोड. कोणा पोट्ट्याच्या फोनचा कोड बरणीला चिकटवायचा नाही. आजकाल वरून दुसरा कोड चिकटवून जाणारे निघाले आहेत, म्हणून दर तासाला कोणीतरी स्कॅन करून नाव कोणाचं येतं ते पाहायचं. आणि देणगीवर आयकराची सूट पाहिजे म्हणून डॉक्टर विचारत होते. तर दोन हजारांवर रोख दिले की ती सूट मिळत नाही, चेकने नाही तर ऑनलाइन द्या. नव्या कररचनेत असाल तर तीही नाही. डॉक्टर म्हणाले, मग द्यायचं कशाला? मीटिंगमध्ये एकदम शांतता! आमचे हे म्हणाले, जेवणाला द्यायचं डॉक्टर, जेवणाला.

खर्चाचंही सांगून टाकलं. मंडप, माईक, पाहुण्यांचे हार, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, हे सगळं धरलं तर मेडिकलच्या वाट्याला उरणार काय? हारतुरे बंद. उद्घाटनाला पुढारी बोलवायचा तर त्याने आपली पावती फाडून यावं. माईक एक, तोही हरवलेल्या पोराचं नाव पुकारायला. ढोल-ताशा नाही, आणि इंजिन गुरगुरवून दाखवायचं नाही. पलीकडच्या घरात आजी अंथरुणावर आहेत. गाड्यांच्या मधून अँब्युलन्स जाईल एवढी वाट मोकळी. प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा, जुन्या गाड्या तेल गाळतात, मैदानावर सोमवारपासून पोरं खेळायची आहेत.

तर्री पोह्यांचा स्टॉल आपला, हे मी परस्पर कबूल करून टाकलं, रागावू नका. पोहे घरोघरी एकेक किलो मागायचे, तर्री माझी. तुमच्या हातची तर्री मऊ होते वहिनी, खरं सांगते. तुम्ही पोहे भिजवा. पोह्यांचा नफा त्याच डब्यात. आणि लाल गाडीवाल्यांच्या बायकोला कांदे चिरायला बसवायचं. ती बिचारी चांगली आहे, तिला कोणी कुठे बोलवतच नाही.

मी एवढंच अडून बसली, की सोमवारी सकाळी वाचनालयाच्या फळ्यावर हिशेब लागला पाहिजे. किती आले, कोणत्या गाडीच्या बरणीतून किती, खर्च किती, संस्थेला किती, पावती क्रमांक काय. खडूने लिहायचा, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता यावा असा. पैसे जमवायला अख्खं ले-आऊट जमतं. हिशेबाच्या दिवशी कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणाला ताप येतो. मागच्या कोजागिरीचा हिशेब अजून कुठे लागला आहे? विचारलं की म्हणतात, वहीत आहे. वही कुठे आहे? तर ती वहीवाल्याजवळ आहे. बसा!

तर पैशांच्या पेटीला दोन कुलुपं लावायची ठरली आहेत. एक चावी काकाजींकडे, कारण ते कोणाला घाबरत नाहीत. दुसरी तुमच्याकडे. नाही म्हणू नका, मीच तुमचं नाव सुचवलं. तुम्ही आणि काकाजी एकमेकांशी फारसं बोलत नाही, म्हणून तर बरोबर आहे. मिळून पेटी उघडणार नाही तुम्ही, अशी सगळ्यांची खात्री!

आणि पहिल्या रांगेचं काय झालं, ते राहिलंच की सांगायचं. ह्यांनी शेवटी निकाल दिला. फियाट मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंच्या जागांचा लिलाव. जो जास्त बोलेल त्याची गाडी तिथे. लाल गाडीवाल्यांनी जागच्या जागी पाच हजार सांगितले, डॉक्टरांनी सहा. लाल गाडीवाले सातवर गेले. आता रविवारपर्यंत कोणी मध्ये पडून त्यांची समजूत घालू नका म्हणावं. चढू द्या!